सावंगीत कोणीच सावंगीकर नाही

आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा आधी उजळताना आणि मग विझताना तुम्ही कधी पाहिलाय?

मी पाहिलाय. यवतमाळात. कॉलेजला प्रवेश मिळाला होता, खोली हवी होती. बाबा आणि मी बाभुळगावकडून एसटीनं आलो होतो. घरमालकीण काकूंनी खोली दाखवली. खिडकीतून कॉलेजचं गेट दिसत होतं.

"आडनाव काय बेटा?"

"सावंगीकर."

"अगं बाई! माझं माहेर सावंगी! बसा न भाऊ, चहा ठेवते. कोणत्या घरचे तुम्ही? देवळाजवळचे का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाबांनी हलवली नाही.

"नाही बाई. नाल्यापलीकडचे."

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. चहा आलाच नाही. काकू बाहेर आल्या त्या हसतच.

"मले काही नाही हो. आता कोण पाळते हे? घ्या खोली. फक्त दारावर आडनाव नको लावजो पोरी. माहेरची माणसं येतात माझ्या घरी. तुले आपल्यातलीच समजून बसतील. नुसतं नाव लाव. आडनाव कायले पाहिजे?"

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना ती खोली हवी होती. मला त्यांच्याहून जास्त.

"मले खोली नको," मी म्हटलं.

बसस्टँडवर बाबांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. पणजोबांनी धम्म घेतला आणि गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं मजुरी बंद केली. मग पाणी बंद केलं. उन्हाळ्यात आमची माणसं भांडीकुंडी घेऊन उठली. नव्या गावात लोक विचारायचे, कुठले? सावंगीचे. तेच आडनाव झालं. त्याआधी आम्हाला आडनाव नव्हतं, हाक होती. ती मी इथे लिहिणार नाही.

"सावंगीत कोणीच सावंगीकर नाही, पोरी," बाबा म्हणाले. "तिथं राहते त्याले गावाचं नाव कायले लागते? ज्याले काढलं, त्याले चिकटते."

पिंपळाजवळचे पिंपळकर, डोंगराकडचे डोंगरे. आडनावांवरच्या पुस्तिकेत मी हे कौतुकानं वाचलं होतं. माणसं त्या पिंपळाखालून का उठली, ते त्यात कुठेच नव्हतं. सगळ्यांनाच हाकललं नसेल. आम्हाला हाकललं.

आता रोज एसटीनं जाते-येते. प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघावं लागतं, गाडी थांबत नाही. या वर्षी त्यातच नापास झाले. नंतर आणखी घरं पाहिली. कुठे आडनावावर अडलं, कुठे "कुठले?"वर. यातलं काही बदलेल असं मला वाटत नाही. काकूंची खोली कधीच भरली असेल.

बसस्टँडजवळच्या पेंटरकडून मी एक पाटी रंगवून घेतली आहे. पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. ती बॅगेत असते. लावायला दार नाही. पण ज्या दारावर ती चालणार नाही, त्या दाराआड मी झोपणार नाही. नापास झाले तरी नाही.

तुमच्या गावाचं नाव लावणारं कोणी उद्या तुमच्या दारात उभं राहिलं, तर "कोणत्या घरचे?" विचारू नका. गावी जा. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, यांना कोणी उठवलं. आणि जे कळेल ते घरी येऊन, माहेरची माणसं बसलेली असताना, मोठ्यानं सांगा.