माझ्या पोटाचा कागद

आमच्या वडीगोद्रीच्या आत्याने आपलं म्हणून जे काही होतं, ते जगात कुणाकडे राहू दिलं नाही. शिंप्याकडे चोळी शिवायला टाकली, की चोळीबरोबर उरलेल्या चिंध्याही ती मागून आणायची. शिंपी म्हणायचा, "आत्याबाई, ह्याची बाहुलीसुदिक व्हायची न्हाई." आत्या म्हणायची, "न होऊ दे. माझ्या खणातून निघाल्या म्हंजी माझ्याच हाईत." पिठाच्या गिरणीत दळण झाल्यावर ती यंत्रालाच दोन थपडा मारायची आणि अडकलेलं पीठ खाली पाडून घ्यायची. एकदा अंबडच्या बाजारात एका वैदूने तिची दाढ उपटली. ही मंडळी उपटलेले दात-दाढा चादरीवर मांडून ठेवतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचा हात किती चालतो ते दिसावं. आत्या चूळ भरून येईपर्यंत त्याने तिची दाढ त्या ढिगात टाकून दिली होती. मग काय! आत्या त्या चादरीसमोर बसली आणि तांदूळ निवडावेत तशा दाढा निवडू लागली. "ही माझी. हिला डाव्या अंगानं कीड लागल्ती," असं म्हणून तिने एक उचलली आणि पदराला गाठ मारली. ती तिचीच होती की कुण्या शहागडच्या गाडीवानाची, हे देवच जाणे. वैदूने हात जोडले एवढं मात्र खरं.

तिच्या शेजारी आतोबा असायचे. ते बोलत नसत. मुके होते असं नाही, पण आत्याशी लग्न झाल्यापासून बोलायला जागा सापडली नसावी. उंच, हडकुळे, खांद्यावर घोंगडी. आत्या कंडक्टरला "गाडी इथं काहून थांबली? तो मानूस उतरला तो कुठला?" असं विचारत असली, की आतोबा खिडकीबाहेर बघत एखाद्या झाडाकडे पाहून मान हलवायचे. जणू त्या झाडालाच त्यांची अडचण कळत होती.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा आत्याच्या पोटात गाठ झाली. तिला जालन्याला एका दवाखान्यात आणलं, पोट उघडून गाठ काढली आणि आत्या बरी होऊन गावी गेली. जाताना तिने डॉक्टरांकडे गाठ मागितली. डॉक्टर म्हणाले, "बाई, ती पुरून टाकली." हे आत्याच्या मनाला फार लागलं. पुढे कित्येक वर्षं कुणी तब्येत विचारली, तर ती आधी हे सांगायची, "बरी हाय. पन माझ्या अंगातली वस्तू मला न इचारता पुरली बघ त्यांनी."

सहा-सात वर्षांनी तिचं पोट पुन्हा दुखू लागलं. मी तेव्हा जालन्यात मास्तर होतो, मस्तगडात खोली घेऊन राहत होतो. एके दिवशी दारात टांगा थांबला आणि आतोबांनी आत्याला हाताला धरून उतरवलं. उजव्या कुशीवर हात दाबून ती वाकून चालत होती, आणि टांगेवाल्याला काहीही विचारत नव्हती. ते पाहिल्यावर मी घाबरलो.

मी दोघांना औरंगाबादला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पोट तपासलं, जुना व्रण पाहिला आणि विचारलं, "मागं काय काढलं होतं?"

"गाठ," आत्या म्हणाली. "आन् पुरली."

"गाठीबरोबर अपेंडिक्स काढलं होतं का?"

"ते काय असतंय?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, मागच्या वेळी अपेंडिक्स काढलं असेल, तर हे दुखणं दुसरं आहे, औषधानं जाईल. काढलं नसेल, तर मला पोट उघडावं लागेल, आणि एकदा उघडलेलं पोट पुन्हा उघडणं ह्या वयात सोपं नसतं. आज ताप नाही. दोन दिवस थांबतो. जालन्याच्या दवाखान्यात ह्यांचा केसपेपर असेल, त्याची नक्कल आणा." आणि त्यांनी तशी एक चिठ्ठी लिहून दिली.

मी म्हणालो, आत्या, तू इथंच आराम कर, मी जाऊन आणतो. सुई टोचल्यामुळे दुखणं जरा दबलं होतं आणि आत्याला वाचा फुटली होती. "माझ्याबद्दल लिवलेला कागद? त्यांनी लिवला, आन् ठिवूनबी घेतला?" ती उठूनच बसली. "मास्तर, माझा कागद मागायला माझं तोंड नगं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जालन्याच्या दवाखान्याच्या खिडकीपुढे उभे राहिलो. आत जुन्या अमदानीतला एक वयस्क कारकून होता. डोक्यावर टोपी, बोलणं मोठं अदबीचं. आत्याचं म्हणणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मा, कागज तो दवाखाने का है. आजतक किसी मरीज ने मांगा नहीं."

"कुनी मागितला न्हाई म्हनून तुमचा झाला व्हय?"

त्याने आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. पूर्वीचे डॉक्टर बदलून गेले होते. हे नवे होते, तरुण होते आणि काळजीत पडले. मूळ कागद दवाखान्याबाहेर जाणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. ते खरंही होतं. उद्या आणखी कुणाला तो लागला तर? नकलेचंही त्यांना अवघड वाटत होतं. पूर्वीच्या डॉक्टरांच्या हातचं काही चुकलं म्हणून कज्जा तर करायचा नाही ना, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मी नाही म्हणालो. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. "भांडायला न्हाई आले, डॉक्टरसायेब. तिकडच्या डॉक्टरला दावायचाय. तो माझं पोट फाडून बघन्यापरीस कागद बघू द्या की."

"पण बाई, त्यातलं तुम्हाला काय कळणार?"

"काहीच न्हाई कळनार. माझ्या पोटात काय चाललंय ते तरी मला कुठं कळून राह्यलंय? म्हनून पोट तुमचं झालं का?"

डॉक्टर हसले. मग म्हणाले, "लिहा अर्ज. नाव, गाव, केव्हा भरती होतात आणि नक्कल कशाला पाहिजे, एवढं लिहा. सोबत औरंगाबादची चिठ्ठी जोडा. नक्कल मी देतो."

अर्ज मी लिहिला, आत्याने अंगठा उठवला. पण आता केव्हा भरती झाली हे कुणाला आठवणार! "कापूस येचायला आल्ता," आत्या म्हणाली. कारकून म्हणाला, "अम्मा, कपास तो हर साल आता है." शेवटी राज्य गेल्याच्या पुढच्या वर्षीचा कापूस असं ठरलं आणि त्याने जुनी नोंदवही काढली. उर्दूतली ती पानं त्याने बोट फिरवत वाचली, पुन्हा मागे जाऊन वाचली, पुढच्या वर्षाचीही चाळली. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. आत्याचा चेहरा उतरला. एवढं पोट फाडून घेतलं, आणि दवाखान्यात आपण कधी आलोच नव्हतो? तिने पुन्हा कुशीवर हात दाबला. मला औरंगाबादचे डॉक्टर आठवू लागले.

तेव्हा मागून एक घोगरा आवाज आला, "नाव म्या सांगितलं व्हतं."

आतोबा बोलले होते. कारकूनसुद्धा उठून उभा राहिला.

"काय सांगितलं व्हतं?" आत्याने विचारलं.

आतोबांनी घोंगडी सारखी केली, जमिनीकडे पाहिलं. चारचौघांत बायकोचं नाव घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "गंगूची माय," ते म्हणाले.

गंगू म्हणजे त्यांची थोरली मुलगी. कारकुनाने पान उलटलं आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "है! गंगू की माँ, वडीगोद्री. बिलकुल है!" तो असा हसला, की रांगेतले रोगीही हसले. आत्या मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. रागावावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं.

कागद इंग्रजीत होता, म्हणून नक्कल डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने उतरवली आणि खाली सही-शिक्का केला. गाठीबरोबर अपेंडिक्सही काढलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी उठू लागलो, तर आत्या म्हणाली, "आता वाचून दावा."

"सगळं?"

"माझंच हाय न्हवं?"

डॉक्टर मराठीत सांगत गेले. बाई फार प्रश्न विचारते, असं तिथे लिहिलेलं निघालं. आत्या खूश झाली, "बराबर लिवलंय मानसानं." गाठ मोसंबीएवढी होती हे ऐकून तिने हाताची मूठ करून पाहिली. मग डॉक्टरांचा आवाज थोडा खाली आला. शस्त्रक्रियेनंतर रक्त बरंच गेलं होतं. दुपारभर नाडी हाताला लागत नव्हती. नर्स संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही, हातपाय शेकत बसली होती.

"कोन नर्स?"

"नाव नाही, फक्त सहीची अक्षरं आहेत. आता इथं कुणी नाही त्या वेळचं."

आत्याने नक्कल घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. बाहेर आल्यावर पायरीवर बसून ती म्हणाली, "शुद्धीवर आले तवा एक बाई तोंडाला पानी लावू लागली. मी तिच्यावर खेकसले, पानी गरम हाय म्हनून. तीच आसंल का रे, मास्तर?"

आतोबा तिच्या शेजारी जाऊन बसले.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी नक्कल वाचली आणि पोट उघडायचा विचार सोडून दिला. मुतखडा निघाला. औषधांनी, पाण्याने तो पडून गेला, आणि हा मात्र आत्याने कुणाला पुरू दिला नाही. कुंकवाच्या जुन्या करंड्यात घालून ती तो आल्यागेल्याला दाखवी. जेवणाच्या आधी दाखवू नकोस, एवढीच विनंती आम्ही करत असू.

त्यानंतर मात्र तिला नाद लागला. गावात कुणी दवाखान्यातून परत आलं, की ही हजर. "कागद आनला का? न्हाई? मंग निम्मंच बरं होऊन आलास." बायकांना तर ती स्वतः घेऊन यायची. माझ्या खोलीवर भाकरी खायची, वाटेत शिकवायची, "भांडायचं न्हाई. मूळ कागद मागायचा न्हाई, नक्कल मागायची. कशाला पाहिजे ते खरं सांगायचं. केव्हा आल्ता ते आठवून ठिवायचं. आन् वाचून घेतल्याबिगर उठायचं न्हाई." शेवटी ती बाईला आपलं स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून दाखवायला लावायची. काही जणी लाजायच्या. आत्या म्हणवून घ्यायचीच. दवाखान्यात तिचा वैताग येई, पण ती आली की कारकून खुर्ची पुढे करायचा. त्याच्या मुलीच्या बाळंतपणानंतर आत्याने डिंकाचे लाडू करून आणले होते.

आत्या गेली ती साध्या तापाने, घरीच, दोन-चार दिवसांत. मला निरोप उशिरा मिळाला. आतोबा ओसरीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं आणि तिच्याविषयी बोलायला लागले. दुपार टळेपर्यंत बोलत होते, आणि दर वाक्यात तिचं नाव घेत होते.

पुढल्या उन्हाळ्यात वडीगोद्रीहून एक बाई माझ्या दारात आली. आजारी होती, कडेवर मूल होतं. "आत्या न्हाईत. मंग तुमी येता का, मास्तर?" मी गेलो. तिला झाडाखाली सावलीत बसवलं आणि अर्ज घेऊन खिडकीपुढे, आत्याबरोबर येताना उभा राहायचो त्याच जागी उभा राहिलो. जुना कारकून निवृत्त झाला होता. आत एक नवा मुलगा बसला होता. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग जरा चिडूनच म्हणाला, "काका, एवढे मागं काहून उभे? पुढं या की. तुमच्यापुढं कुणी न्हाई."