साक्षीची शेवटची ओळ

माझ्या धाकट्या सुनेची आई म्हणजे यमुताई काळबांडे. पुण्याकडे ज्यांना व्याही-विहीण म्हणतात त्यांना आमच्याकडे इवाई-इनबाई म्हणतात, आणि या नात्यात एकमेकांना टोचायची मोकळीक असते. ती आम्ही दोघंही पुरेपूर घेतो. माझ्या कानातले केस त्यांना खुपतात, त्यांच्या भाजीतलं तेल मला. पण त्या टाइपच्या यंत्रापुढे बसल्या की मी मुकाट होतो. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पाटी पुसून पुसून. माणसाच्या तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच तो कागदावर बसलेला पाहिला की आजही माझं तोंड उघडं राहतं.

काम काय, ते सांगतो. दिवाणी दाव्यात साक्षीदार फार असले आणि कोर्टाला सवड नसली, तर कोर्ट एखाद्या वकिलालाच साक्षी उतरवून घ्यायला नेमतं. त्याला कमिशनर म्हणतात. अशा वकिलांची ऑफिसं नागपूरच्या रामदासपेठेत आहेत. तिथं साक्षीदार बोलतो, दोन्हीकडचे वकील त्याला उभंआडवं विचारतात, आणि टायपिस्ट सगळं उतरवतो. मजुरी पानावर. यमुताईंनी हे काम आधी खडखडत्या टाइपरायटरवर केलं, मग कॉम्प्युटरवर. महाल भागातल्या घरून त्या रोज बसनं जायच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत चष्म्याची डबी आणि लिंबाची फोड. टाइप करता करता बोटं चिकट झाली की त्या लिंबानं पुसायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांची माझी गाठ पडली ती प्रयागबाईंमुळे. प्रयागबाई माझ्या काकू. काटोलच्या पुढे आमचं गाव. तिथल्या पांदणीचा दावा लागला होता. पांदण म्हणजे शेतात जायची बैलगाडीची, आमच्याकडच्या बंडीची, वाट. शेजाऱ्यानं तिच्यात कुंपण घातलं, आणि पांदण आधी केवढी होती हे सांगणारं काकूंशिवाय कोणी जिवंत नव्हतं. मी त्यांना एसटीनं नागपूरला आणलं. वाटेत त्यांना दोनदा उलटी झाली. एवढं करून त्या वकिलासमोर बसल्या तर वकील विचारतो,

"आजी, वाट किती रुंद होती?"

"दोन बंड्या आमनेसामने आल्या तं एकीच्या बैलाले कडेच्या हिवराचा काटा लागे. तेवढी."

"फुटात सांगा."

"फूट तुह्या कोर्टात असन, बापू. आमच्या इथं बैल होते."

सगळे हसले. टाइप करणारी बाई हसली नाही. तिनं बैल, हिवर, काटा, सगळं जसंच्या तसं उतरवलं. त्या यमुताई.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक साक्षीच्या खाली एक ओळ असते: 'साक्षीदारास वाचून दाखवले, त्यांनी बरोबर असल्याचे मान्य केले.' तिच्याखाली सही नाहीतर अंगठा. माझी स्वतःची साक्ष याच दाव्यात आधी एका दुसऱ्या टायपिस्टनं घेतली होती. माझं बोलणं संपलं, कागद निघाले, आणि ती ओळ खाली आधीच छापलेली होती. मी सही केली. मला कोणी काही वाचून दाखवलं नाही आणि दाखवायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. तशी पद्धतच पडून गेली होती.

यमुताईंच्या कागदाचा तळ मात्र कोरा होता. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि काकूंकडे वळून म्हणाल्या, "काकू, आता तुमचंच बोलणं तुम्हाले वापस देते. जिथं चुकलं तिथं हात वर करा."

आणि वाचायला लागल्या. सावकाश. काकूंनी पदर हनुवटीशी धरला होता. थोड्या वेळानं त्यांनी मला कोपर मारलं.

"हे मी बोलली?"

"तुम्हीच बोलल्या, काकू."

"एवढं?"

त्या पुढे सरकून बसल्या. सासूचं नाव आलं तेव्हा डोळे मिटले. कुंपणाशी आल्यावर हात वर केला. "थांब वं बाई. कुंपण घातलं तवा सासू जिती नव्हती. आधीच गेली होती. मीच चुकली." यमुताईंनी दुरुस्त केलं, तेवढा भाग पुन्हा वाचला, आणि मगच ती शेवटची ओळ लिहिली. काकूंनी अंगठा लावला. खाली उतरताना जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "मनोहर, मायं एवढं कोणी आजपावतो ऐकून नाही घेतलं गा." काकू तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या.

मी मागे फिरलो आणि यमुताईंना विचारलं, "ताई, ती ओळ तुम्ही आधीच काहून नाही लिहीत? बाकीचे तं लिहितात."

"जे झालं नाही ते झालं म्हणून कसं लिहू?"

"वेळ जातो ना पण."

"जाते तं जाते. माया जाते, तुमचा नाही."

पुढे त्यांची भैरवी आमच्या घरी सून म्हणून आली. त्या सोयरिकीत एक हरवलेला जेवणाचा डबा आहे आणि एक चुकीचा रिक्षावाला आहे, पण ते इथं घेत नाही.

तर मग अशी बातमी आली, की कोर्टातल्या नकला आणि साक्षी उतरवण्याच्या फीबद्दल सरकार नवा कायदा करून राहिलं आहे. जुने दर कोणत्या काळातले होते कोण जाणे. मसुदा निघाला. त्यात एक तक्ता होता: पानाचा दर, नकलेचा दर, तातडीचा दर. वाचून दाखवायला तक्त्यात घरच नव्हतं.

यमुताईंनी तो कागद मला त्यांच्या स्वयंपाकघरात दाखवला. "पाहा इवाई. पान मोजतील, वाचणं मोजणार नाही. मी आहे तवरक वाचीन. वर्षा-दोन वर्षांत माये डोळे जवाब देतील. मंग कोण वाचते? ती ओळ तेवढी राहीन, खोटी."

तेवढंच त्यांना हवं होतं. तक्त्यात वाचनाला एक घर. मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती नागपुरात बसणार होती आणि टायपिस्टांच्या वतीनं यमुताईंनीच बोलावं असं ठरलं होतं.

आदल्या दिवशी मी यमुताईंकडे होतो, तेव्हा दुर्गेश आला. हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला टायपिस्ट, बोटं वाऱ्यासारखी. त्यानं चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही उद्या दराचंच बोला. वाचण्याचं काढलं तं ते विचारतील, मंग आजपावतो काय करून राहिले होते? आम्ही सारे फसू."

"तू फसशील. वाचत नाहीस म्हणून."

"वाचत बसलो तं दिवसाची अर्धी पानं होतात ताई. घरी चार तोंडं आहेत. तुमचं बरं आहे, पोरगी उजवली, इवाई मालदार पाहिला."

"मालदार? याच्या बनियनले भोकं आहेत."

दुर्गेश हसला, पण उठताना पुन्हा म्हणाला, "दर तेवढा वाढवून आणा, ताई." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. यमुताई बराच वेळ कपबशा विसळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी सोबतीला, दुर्गेशही आला होता. मला अट अशी, की तोंड उघडायचं नाही. सिव्हिल लाइन्समधली सरकारी इमारत, लांबलचक टेबल, त्यावर थर्मास आणि बिस्किटं. मी आपला समजत होतो की कायदा म्हणजे वरून तयार होऊन येणारी गोष्ट. इथं तो कपांच्या मधोमध पसरला होता. कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या, एका पानावर चहाचा गोल डाग होता. या कागदाचं उद्या राज्यभर चालणार, आणि आज त्याच्यावरून कोणीतरी बिस्किटाचा चुरा झटकतो आहे. मी तर खुर्चीच्या काठावरच बसलो, मागे टेकायची छाती झाली नाही.

समितीच्या प्रमुख अरुंधतीबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या शेजारी हिशेब खात्याचे वसंतराव. कोपऱ्यात वैभवी नावाची मुलगी सगळं टाइप करत होती. यमुताईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. इतकी वर्षं त्या यंत्रामागे बसल्या, आज पहिल्यांदा त्या बोलणार होत्या आणि दुसरं कोणी उतरवून घेणार होतं. मी मागून पाहिलं तर त्यांची बोटं मांडीवर हलत होती. स्वतः बोललेला शब्द न् शब्द त्या लुगड्यावर टाइप करत होत्या.

वाचनाचं त्यांनी फार छान मांडलं. काकूंची सासू, हिवराचा काटा, सगळं सांगितलं. अरुंधतीबाईंनी विचारलं, "सध्या सगळे टायपिस्ट वाचून दाखवतात का?"

माझ्या शेजारी दुर्गेश खुर्चीत पुढे सरकला.

"मी वाचते जी," यमुताई म्हणाल्या. "बाकीच्यांचं मी कसं सांगू? मी माया साक्षीले आली."

दुर्गेश मागे टेकला. पण वसंतराव पेन्सिल आपटत म्हणाले, "हे पाहा बाई, पैसा एकच आहे. दोन्ही मागाल तर एकही नाही मिळणार. दर वाढवू की वाचन घालू? एक सांगा."

"मंग दर राहू द्या तसाच," यमुताई तडकून म्हणाल्या. "वाचन तक्त्यात टाका."

दुर्गेशनं मान खाली घातली. यमुताईंची त्याच्याकडे पाठ होती, त्यांना दिसलं नाही. त्यांचा चेहरा खुलला होता. जन्मभराचं मागणं पुढे सरकलं होतं.

कागद निघाले. वैभवीनं त्यांच्यापुढे ठेवले आणि सहीची जागा बोटानं दाखवली. यमुताईंनी पेन घेतलं, टोपण काढलं. मला मागून तळाची ओळ दिसली. छापलेली होती. वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य केले.

तोंड उघडायचं नाही म्हणून शब्द दिला होता. पण पेन कागदाला टेकायला आलं.

"इनबाई," मी म्हणालो.

त्या गर्रकन वळल्या. "तुम्हाले बोलू नका म्हटलं होतं ना?"

"मी बोलत नाही. खालची ओळ तेवढी पाहा."

त्यांनी पाहिलं. पाहतच राहिल्या. मग पेनला टोपण लावलं आणि ते आडवं ठेवलं. ज्या बाईनं किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना थांबवून ऐकायला लावलं, ती स्वतः न ऐकता सही करायला निघाली होती. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

अरुंधतीबाईंनी मान वाकवून ती ओळ वाचली. आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्याच पुढ्यातल्या सकाळच्या साक्षींच्या गठ्ठ्याकडे. "वैभवी," त्या हळूच म्हणाल्या, "वाच बेटा."

वैभवी वाचू लागली. यमुताईंची बोटं थांबली. हात मांडीवर, जसे त्या दिवशी काकूंचे होते. काकू आल्या, काटा आला, यमुताईंची महालाहून रोजची बस, त्यांचे डोळे. वसंतरावांनीही पेन्सिल ठेवली. मग वैभवीनं वाचलं, "पानाचा दर आहे तसाच राहू द्यावा."

यमुताईंचा हात वर गेला.

"हे मी बोलली?"

"हो, ताई."

त्यांनी मागे वळून पाहिलं. दुर्गेश जमिनीकडे पाहत होता. यमुताईंचा चेहरा उतरला.

"बोलली खरी," त्या म्हणाल्या. "पण बरोबर नाही बोलली. दर तसा ठेवला तं वाचणारा उपाशी राहीन, अन् मंग तो वाचणार नाही. दुसरं म्हणजे, मी माया साक्षीले आली. या पोट्ट्यांच्या घासाचं 'राहू द्या' म्हणणारी मी कोण? ते काढा. दर बी वाढवा, वाचन बी टाका. नाही जमत तं तुम्ही नाही म्हणा, माया तोंडून नाही निघणार."

"म्हणजे तुम्ही फिरलात," वसंतराव म्हणाले.

"फिरली जी. वाचून दाखवलं म्हणून तं फिरता आलं."

अरुंधतीबाईंनी वैभवीकडून तेवढा भाग दुरुस्त करून घेतला, पुन्हा वाचायला लावला, आणि तळाची ओळ पुसून नव्यानं लिहायला सांगितली. यमुताईंनी सही केली. त्या करत असताना अरुंधतीबाईंनी मसुद्याचा तक्ता ओढला, आणि पट्टी न घेता, तातडीच्या दराखाली पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. एक रिकामं घर तयार झालं. देवळातही मी कधी एवढा निश्चल राहिलो नसेन, जेवढा त्या रेघेपुढे राहिलो.

कायदा यायला पुढे बराच वेळ गेला. आला तेव्हा दर वाढला होता, दुर्गेशला हवा होता त्याहून कमी. आणि वाचनाचं घर होतं. 'पेन्सिलीनं नाही, छापून,' असं मी भैरवीला पुन्हा पुन्हा सांगत होतो. यमुताईंनी आकडा पाहून नाक मुरडलं. "एवढ्यात तं या इवाईचा चहा बी नाही होत." पण तो कागद त्यांनी चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवला, तो अजून तिथंच आहे.

परवा मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन रामदासपेठेत गेलो होतो. येताना त्या म्हणाल्या, दुर्गेशले पाहून जाऊ. तो एका म्हाताऱ्याची साक्ष वाचून दाखवत होता, अशा घाईनं, जणू स्टेशनवर गाडीची घोषणा चालली आहे. म्हातारा बावरून त्याच्या ओठांकडे पाहत होता.

"दुर्गेश," यमुताई दारातूनच म्हणाल्या, "हळू. तो माणूस पहिल्यांदा स्वतःले ऐकून राहिला."

दुर्गेशनं पान मागे घेतलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, सावकाश. शेवटाला आला, बोट त्या ओळीकडे निघालं, आणि थांबलं. म्हाताऱ्यानं हात वर केला होता.