दावणीचं मीठ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीला नाही. तुळजापूरला देवीपुढं इतक्यांदा उभी राहिले, तिथंही तोंड उघडलं नाही — तिला काय सांगायचं, तिला ठाऊकच आहे. तुला सांगते. मधेच थांबले तर थांबू दे, पुढं काय म्हणून टोचू नकोस.

आमचं गाव जळकोट, घर शेतकऱ्याचं. निजामाचं राज्य जाऊन वर्षं झाली होती, पण आमच्या घरात हुकूम सासूबाईंचाच. आम्ही दोघी सुना — मी थोरली, शेवंता धाकटी. त्या साली शेवंताच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिरांना, मुदतीचा ताप आला. तोंडात पाणी घालायची वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी नवस बोलला: पोरगं उठलं तर दोन्ही सुना होळीपासून चैत्री पुनवेपर्यंत अळणी खातील. मिठाचा कण नाही. नवस यांचा आणि जिभा आमच्या! पण बोलायची सोय होती का? दीर उठले. होळी आली.

अळणी भाकरी खाऊन बघितलीस कधी? आणि वर ते ऊन, खळ्यावर ज्वारीची रास, घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं. दोन दिवस काढले मी. मग एका पहाटे शेण काढायला गोठ्यात गेले. दावणीवरच्या कोनाड्यात बैलांचं खडेमीठ होतं — घरातलं मीठ सासूबाईंनी कुलपात घातलं होतं, हे मात्र उघडं. एक खडा उचलला आणि तोंडात टाकला.

एकच? छे. रोज. कमरेच्या पिशवीत सुपारीसारखा बाळगायचे मी तो.

शेवंतानं मात्र व्रत पाळलं. नवरा तिचा होता, जीव लावून पाळलं. आणि चैत्र लागला तसं तिचं सुरू झालं. चालता चालता पोटऱ्यांत असे गोळे यायचे की खाली बसून ओरडायची. उठली की डोळ्यांपुढं अंधारी, मळमळ, ओकाऱ्या. झालं, सगळ्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. शेजारीण म्हणाली, दिवस गेले. सासूबाईंनी हरखून तिला दोन दिवस बसवून ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी तिला कावळा शिवला. मग पित्त म्हणाले. मग ऊन लागलं म्हणाले, कांदा फोडून नाकाशी धरला. मग बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. त्या लिंबाचं सरबत मीठ घालून पाजलं असतं तर — पण मला तेव्हा तरी कुठं कळत होतं?

असं म्हणायची सवय लागलीय बघ मला. कळत होतं. दोघींचं ताट एक, काम एक, ऊन एक. फरक एवढाच की माझ्या पिशवीत खडा होता. हे कळायला का शाळा लागते?

एका दुपारी ती खळ्यावरच कोसळली. पाय आखडलेले, ओकून ओकून डोळे पांढरे. गाडी जुंपली आणि नळदुर्गला डॉक्टरकडं नेली. त्यांनी काय खाते, काय काम करते ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, घामावाटं अंगातलं मीठ जातं, ते पोटात गेलं नाही तर पाय वळणारच, चक्कर येणारच. सासूबाई काय ऐकतात!

“मग ही थोरली बी अळणीच खाती की. हिला कसं काय हुईना?”

डॉक्टर माझ्याकडं वळले. शेवंता बाकड्यावर पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होती. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही खरंच मीठ खात नाही?”

एका शब्दाचं काम होतं. सासूबाईंनी झिंज्या उपटल्या असत्या, नवऱ्यानं चार दिवस बोलणं टाकलं असतं. एवढंच ना?

“न्हाय,” म्हणाले मी. “देवीची कृपा.”

डॉक्टर पुन्हा शेवंताकडं वळले. त्यांनी तिला मीठपाणी पाजलं, ती चार दिवसांत उठलीही. पण घरी निकाल लागला होता: थोरलीला काही झालं नाही, धाकटीला झालं, म्हणजे धाकटीनं चोरून खाल्लं. म्हणून देवीनं तिचे पाय वळवले. पुनवेला ओटी मी भरली, ती बाहेर पायरीवर उभी होती. मिठाची चोर म्हणून ती, आणि व्रताची बाई म्हणून मी! अजून बायका व्रत धरायच्या आधी माझ्या पाया पडतात. पाय ओढून घ्यावेसे वाटतात, असा संताप येतो — आणि मी आशीर्वाद देते.

पुढं काही वर्षांनी दीर साप चावून गेले. सापाला काय कळतो नवस? पण सासूबाई मयतीच्या अंगणात सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, “तुझ्या जिभेनं खाल्लं माझं लेकरू.” मी तिथंच होते. तिला धरून बसले होते.

मागच्या साली शेवंता अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मीच करत होते. एक दिवस पेज भरवताना तिनं माझा हात धरला.

“आक्का, एक सांगू? त्या नवसाच्या टायमाला गड्यांची आमटी ढवळताना म्या एकदा पळी चाटली व्हती. सवयीनं. लगीच थुकले, पर जिभंला लागलं ते लागलंच. आत्याबाई खरंच बोलत व्हत्या. म्याच खाल्लं त्यास्नी. तुमी येवढं कडक पाळलं आन् म्या… तुमी तरी मला माफ करा.”

घरात दुसरं कुणी नव्हतं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, मीठ घातलेल्या पेजेची वाटी माझ्या हातात होती.

मी तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, “केलं माफ.”