येते म्हणाली आणि गेली

मी एका युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतकक्षात काम करते. सकाळी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरून गाडी काढायची, एकामागून एक राउंडअबाउटचे गोल चौक ओलांडायचे आणि मग दिवसभर पोरांचे व्हिसे, भाड्याच्या खोल्या, आजारपणं निस्तरायची. टेबलावर टिश्यूचा खोका असतो. पण पहिला प्रश्न मी एकच विचारते, झालंय काय?

त्या दिवशी नागपूरची एक मुलगी आली. मास्टर्स संपत आलेलं. या टप्प्यावर वर्ग नसतात, प्रबंधाच्या सरांना भेटणं हीच हजेरी. सरांनी वर कळवलं होतं की ही भेटतच नाही. हजेरी अपुरी ठरली की व्हिसा रद्द आणि डिग्रीशिवाय घरी.

"मी तर भेटली ना त्यांना! कॉरिडॉरमध्ये, लायब्ररीत. मला काही समजूनच नाही राहिलं, काकू."

"काकू घरी. निघताना सरांना काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? ओके सर, आय विल कम."

मला हसू आलं आणि रागही आला. 'जाते' म्हटलं तर आपल्याकडे आई दारातून मागे बोलावते आणि 'येते' म्हणायला लावते. हिने तेच इंग्रजीत म्हटलं आणि निघून गेली. सर खोलीत वाट बघत बसले. कॉरिडॉरमधलं बोलणं त्यांनी हजेरीत धरलंच नाही, कारण त्यांच्या मते खरी भेट अजून व्हायची होती.

युनिव्हर्सिटीची समिती तिची चौकशी करणार होती. मदतकक्षाच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाषेची सबब ऐकली तर उद्या प्रत्येक जण काहीतरी काढेल. शिवाय तू त्यांच्यातलीच. चौकशीला तिच्याबरोबर बसू नकोस."

"फ्रेंच मुलाबरोबर आपली फ्रेंच सहकारी बसली, तेव्हा कोणी तिला त्यांच्यातली म्हटलं नाही. मी बसणार."

आणि बसले. सर माणूस सरळ होते. म्हणाले, "दर वेळी ती स्वतःहून म्हणाली, आय विल कम. मी थांबायचो. शेवटी वाटलं, माझी थट्टा करते."

मी त्यामागच्या 'येते'चा अर्थ सांगितला. समितीतल्या बाईंच्या भुवया वर गेल्या. "येते म्हणजे जाते? हे कसं काय?"

"तुम्ही ज्यांना 'सी यू लेटर' म्हणता, त्यातल्या किती जणांना नंतर भेटता?"

तेवढ्यात मुलगी बोलली. "सर, पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सी यू लेटर म्हणालात. मी लायब्ररी बंद होईपर्यंत थांबले होते."

सरांचे कान लाल झाले. कॉरिडॉरमधल्या सगळ्या भेटी हजेरीत धरा, असं तेच समितीला म्हणाले. मुलगी राहिली. प्रबंधही तिने वेळेत दिला. तिला 'बाय' म्हणायला मी शिकवलं नाही. शिकायचं तर दोघांनी शिकावं.

त्या दिवशी चौकशी संपवून बाहेर आले, तर साहेब उभेच होते. "पुढच्या वेळी असं काही करायच्या आधी मला विचार. आत्ताच ये माझ्या खोलीत, बोलू."

मी कोट चढवला, गाडीची किल्ली काढली.

"आय विल कम," मी म्हणाले आणि घरी निघून आले.