सजेवरचे भाऊसाहेब

तोंडातला चहा आधी गिळा, मग ऐका. मागं एकीला ही गोष्ट सांगितली तर तिच्या नाकातनं चहा आला होता. घोटाळाच तसा केला होता मी! अख्ख्या सोसायटीला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

तेव्हा आम्ही जुईनगरला नवीन होतो. घरात केबल आली होती, फोन यायचा होता. आमचे हे वाशीच्या मार्केटात, पहाटेच जायचे. दिवसभर घरी असलेल्या बाईनं शेजारी काय चाललंय ते बघायचं नाही, तर कुणी बघायचं?

आणि मी बघत नव्हते हो. ऐकू यायचं! आमच्या मोरीची खिडकी आणि शेजारच्या शालनच्या मोरीची खिडकी डक्टमध्ये समोरासमोर. तिकडं कुणी शिंकलं की इकडं साबण हातातनं निसटायचा.

या शालनकडं गावाहून तिचा भाऊ आला, दिनकर. तिशीचा, मान खाली घालून चालणारा. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी चुरगळून परत यायचा. शर्टही आणि तोही.

एकदा मी मोरीत भांडी घासत होते. तिकडनं त्याचा आवाज आला.

"अक्का, कोरेगावच्या भानगडीनं तीन वर्षं सजेत गेली माझी. एवढं सांगितलं की साहेब लोक पुढचं ऐकतच नाहीत."

शालन म्हणाली, "पण साहेबांनी चांगल्या वागणुकीचा शेरा दिला होता ना तुला?"

"दिला होता, म्हणून तर लवकर सुटलो. पण इथं कोण विचारतंय? सरकारची भाकरी खाल्लेला माणूस कुणालाच नको असतो."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सरकारची भाकरी! सजा! म्हणजे हा तलाठी!

हसू नका. माझे अण्णा गावचे कोतवाल होते. तलाठ्याच्या हाताखाली चार-पाच गावं असतात ना, त्याला आमच्याकडं सजा म्हणतात. "भाऊसाहेब सजेवर गेलेत," हे वाक्य ऐकत ऐकत मी न्हातीधुती झाले. दुसरी सजा कुठली असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौथीपर्यंतची शाळा माझी, त्यात तेवढंच शिकवलं होतं.

संध्याकाळी हा जिन्यात भेटला. मी पदर सारखा केला. "काय भाऊसाहेब, बरं आहे का?"

तो चमकला. "मला म्हणताय, काकू?"

"मग कुणाला? मला सगळं कळलंय हो. सजेवर होता ना?"

त्याचा चेहरा पांढराफटक! जिन्याचा कठडा धरला त्यानं. "काकू... कुणाला सांगू नका."

"अगं बाई, सांगू नका काय? अभिमानाची गोष्ट आहे ती!"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मला वाटलं, किती हा विनय!

आता मी कुणाला सांगितलं नाही, असं म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? नाही ना? बरोबर आहे. रात्रीच्या जेवणापर्यंत तळमजल्याला कळलं, सजेच्या माझ्या अर्थासकट. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तो सर्कल इन्स्पेक्टर झाला. चौथ्या मजल्यावर पाणी कधी चढायचं नाही, पण ही बातमी चढली. तिथं तो तहसीलदार होता आणि लाच घेतली नाही म्हणून राजीनामा देऊन बसला होता!

नेमका त्याच सुमाराला सोसायटीचा वॉचमन पळाला. गेट सांभाळायचं, पंप चालवायचा, टाकी बघायची. दिनकरनं अर्ज केला. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. चेअरमन म्हात्रेशेठ, इथल्याच गावातले, जुने जमीनवाले. सेक्रेटरी देसाई, सफारी घालून झोपणारा माणूस.

शालन माझ्या शेजारी बसली होती. माझा हात घट्ट धरून कुजबुजली, "काकू, हे पण गेलं तर त्याला गावी परत जावं लागंल. तिथं तोच बांध, तोच चुलतभाऊ, तीच काठी." मला त्यातलं काठीचं काही कळलं नाही. पण हात गार होता तिचा.

देसाई म्हणाले, "आधी पोलिसांचा दाखला पाहिजे. कॅरेक्टरचा. त्याशिवाय कुणाला ठेवायचं नाही."

दिनकरची मान खाली. मी उठलेच.

"देसाईभाऊ, दाखला कुणाला मागता? अहो, हा माणूस लोकांना दाखले देत होता!"

पार्किंगभर कुजबुज झाली. मग दिनकर स्वतः उभा राहिला. "काकूंनी सगळ्यांना सांगितलंय, तर मी पण तोंडानं सांगतो. लपवून नोकरी करायची नाही मला. मी तीन वर्षं सजेत काढलीत. चालत असंल तर ठेवा."

आणि काय सांगू! टाळ्यांचा कडकडाट! देसाई तर खुर्चीतनं उठून वाजवत होते. "एवढा मोठा माणूस आणि गेटवर उभा राहायला तयार! व्वा!" शालन पदरात तोंड घालून रडत होती. दिनकर सगळ्यांना हात जोडत होता, डोळ्यांतनं घळाघळा पाणी. मी पण रडले. तलाठ्यासाठी रडणारी महाराष्ट्रातली पहिली बाई असेन मी!

दिनकर कामाला लागला आणि चमत्कार झाला. चौथ्या मजल्यावर पाणी! वेळच्या वेळी पंप, टाकी ओसंडायची बंद. चौथ्या मजल्यावरच्या सावंतबाई नळाला हळदकुंकू वाहायच्या बाकी होत्या.

मग एके दिवशी म्हात्रेशेठ आपला सातबारा घेऊन गेटवर आले. मी तिथंच भाजी निवडत होते. म्हणजे, भाजी गेटवर जास्त चांगली निवडली जाते.

"भाऊसाहेब, जरा बगा. माझ्या बापाचा नाव हाय का नाय यान?"

दिनकरनं कागद हातात घेतला आणि विस्तव धरावा तसा परत दिला. "शेठ, मला नका दाखवू. ह्या सातबाऱ्यापायीच चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली मी. म्हणून तर सजा झाली!"

"तलाठ्याला सजा झाली?"

"कोण तलाठी?"

शेठनी माझ्याकडं बघितलं. दिनकरनं माझ्याकडं बघितलं. मी भाजीकडं बघितलं.

"काकू," दिनकर हळूच म्हणाला, "तुमाला काय वाटलं होतं?"

माझ्या हातातली मेथी त्यात शिजली असती, एवढा घाम फुटला मला!

त्याच संध्याकाळी तातडीची मीटिंग. देसाई लालेलाल. "फसवणूक आहे ही! जेलमधला माणूस गेटवर? आजच्या आज काढा!"

शालन कोपऱ्यात उभी, दिनकरची पिशवी भरलेली. हाच माणूस माझा गॅस सिलिंडर खांद्यावर घालून वर आणत होता. त्याला तलाठी केलं ते मी, आणि हाकलायचं त्याला?

"देसाईभाऊ, त्यानं कुठं फसवलं?" मी ओरडले. "इथंच उभा राहून म्हणाला, सजा काढलीय. मराठीतच म्हणाला! चुकलं ते माझ्या कानाचं आणि तुमच्या टाळ्यांचं!"

"पण नियम आहे. सजा झालेल्या माणसाला ठेवता येत नाही."

म्हात्रेशेठनी मिशीवरनं हात फिरवला. "कंच्या पुस्तकान हाय तो नियम? दाकव."

"तसं लिहिलेलं नाही, पण सगळीकडं असतंच."

"सगलीकरं हाय म्हनून तो पोऱ्या सगलीकशी परत आला. त्यानं खरा सांगितला, आपुन टाल्या वाजवल्या. आता टाल्या परत घेतोस? आनि सगल्यांत मोठ्यान कोनी वाजवल्या रं, देसाय?"

हसू फुटलं. देसाई सफारीची बटणं मोजायला लागले. तेवढ्यात सावंतबाई उठल्या. "नियमाचं नंतर बघा. हा गेला तर माझ्या नळाला पाणी कोण आणणार? देसाई, तुम्ही?"

चौथ्या मजल्याचे सगळे हात वर! मग तिसऱ्याचे. मी तर दोन्ही हात वर केले, एक ह्यांच्या नावाचा. शेवटी देसाईंचाही अर्धा हात वर आला, डोकं खाजवल्यासारखा. शेठ म्हणाले, "पिशवी खाली ठेव रं दिनकर, पंप चालू कर." आणि पंप घरघरला ना, तसा आवाज मी लग्नातल्या बँडचाही ऐकला नाही!

मी जिना चढले ती काय ऐटीत! निवडणूक जिंकल्यासारखी. म्हटलं, ही नोकरी आपण लावलीय. आता गेट आपलं!

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर दोन सुटकेसा घेऊन एक बाई आली. रडवेली दिसत होती. मी भाजी घेऊन गेटवर हजर.

"काय रे दिनकर, कोण ती? देसाईंकडं गेली ना? किती दिवस राहणार म्हणाली?"

त्यानं गेटची कडी लावली आणि दोन्ही हात जोडले.

"काकू, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. पण तेवढं विचारू नका. तुमाला सांगितलं, तर उद्या चौथ्या मजल्यापर्यंत त्या बाईचा कलेक्टर व्हायचा!"