बारा वाट्या सोयाबीन

कळंबच्या आमच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. प्रदर्शनात दरवर्षी थर्माकोलचे ज्वालामुखी बघून मला वीट आला होता. यंदा वर्गाला बजावलं, ज्याचं उत्तर मलाही माहीत नाही असा प्रश्न आणा.

एका मुलीनं आणला. तिचे आजोबा सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून तो वाळलाय की दमट ते सांगतात, आणि गावात त्यांचा शब्द चालतो. मग दात खरे की मॉइश्चरचं यंत्र? मला प्रश्न भलताच आवडला.

एका आडत दुकानातून यंत्र मागून आणलं. बारा वाट्यांत दाणे भरून मी आधीच त्यांचा ओलावा यंत्रावर मोजून ठेवला आणि कुठली वाटी कसली ते आजोबांनाच काय, नातीलाही सांगितलं नाही. नाहीतर तिचा चेहराच उत्तर देऊन बसला असता. आजोबा दाणा चावत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत. नात वहीत लिहीत होती. आठ वाट्या झाल्यावर मी त्यांना चहा दिला. मोठ्या माणसाला चहाविना कसं बसवून ठेवायचं? मग उरलेल्या चार झाल्या.

यंत्राशी ताडून पाहिलं. पहिल्या आठ बरोबर. शेवटच्या चारांत तीन चूक.

मुलीचा चेहरा पडला. शाळेभर आजोबांचं हसं होईल याची तिला धास्ती. तिनं हळूच विचारलं, पहिल्या आठच मांडल्या तर? खरं सांगते, माझंही मन डळमळलं. आठपैकी आठचा तक्ता फार देखणा दिसला असता.

आजोबांनी ऐकलं होतं.

"चुकल्यालं बी लिव्ह, पोरी," ते म्हणाले. "न्हायतर बरोबर आल्यालं तरी कोण खरं मानंल?" मग स्वतःच विचारात पडले. "पर आठापातुर नीट चाललं हुतं. मधी काय झालं?"

आम्ही तिघंही वहीवर वाकलो. सोयाबीन तेच, माणूस तोच, खोलीही तीच. मग मुलीची नजर रिकाम्या कपाकडं गेली, आणि तिथून माझ्याकडं. तिनं पेन उचललं.

येत्या शनिवारी पुन्हा बारा वाट्या मांडायच्या ठरल्यात, बिनचहाच्या. घोटाळा चहानंच केला की आणखी कशानं, मला अजून ठाऊक नाही. वही मात्र प्रदर्शनात आहे तशीच ठेवणार आहोत. तीन चुकांच्या खाली तिनं लिहिलंय, "आठव्या वाटीनंतर मॅडमनी चहा दिला."