घोंगड्यातला बर्फ

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. सोलापुरात राहून फिजिक्समध्ये बीएस्सी केलं, आणि ते सांगताना मी आवाज खाली घेत नाही. बाकी सगळ्यांची हयात मंगळवेढ्याच्या रानात मेंढरांमागे गेली.

गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. "पाव्हण्यांना गारेगार सरबत देतो," असं वडील, म्हणजे आमचे अण्णा, सगळ्यांसमोर बोलून बसलेले. गावात बर्फ मिळेना. म्हणून ते, चुलते तात्या आणि मी सकाळीच टेम्पोनं सोलापूरला गेलो. कारखान्यातून बर्फाच्या दोन लाद्या चढवल्या, तेव्हा लक्षात आलं की झाकायला काहीच आणलेलं नाही. बसायला अंथरलेलं घोंगडं होतं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं.

"ह्यात गुंडाळू," मी म्हणाले.

चुलते हसले. "आगं, घोंगडं ऊब देतंय. बरफाला कोण पांघरूण घालतंय व्हय? उगडा ठिवा. वारं लागलं की गार ऱ्हातोय."

"तात्या, घोंगडं ऊब देत नाही, अडवतं. आतली आत, बाहेरची बाहेर."

"मग आमी एवडी वर्सं थंडीत काय पांगरलं?"

"तुमचीच ऊब."

"ऐका. कालेजात ह्येच शिकिवलं."

पाहुण्यांपुढे शब्द अण्णांचा जाणार होता. शेवटी तेच म्हणाले, "एक लादी हिची, एक तुजी. बगू."

घरी आल्यावर दोन्ही लाद्या लिंबाच्या सावलीत उतरवल्या. दुपारी येणारे पाहुणे उन्हं कलल्यावर आले. मे महिन्यातलं वारं म्हणजे भट्टीची फुंकर. तोवर तात्यांच्या लादीची नुसती ओल उरली होती, तिथं कोंबड्या चोची मारत होत्या. अण्णांनी घोंगडं स्वतः सोडलं. आत चांगला मोठा बर्फ होता. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मेंढराचा वास येतोय सरबताला," तात्या म्हणाले, आणि दुसरा पेला पुढे केला.

अण्णांनी मला नवऱ्या मुलाच्या वडिलांसमोर नेऊन बसवलं. "ही आमची थोरली. काय इचारायचं ते इचारा हिला."

त्यांच्याआधी अण्णांनीच विचारलं. "घोंगड्यात ऊब नसती, तर अंगात कुटनं येती?"

"भाकरीतनं."

"आन् भाकरीत?"

"ज्वारीतनं. ज्वारीत उन्हातनं."

"आन् सूर्यात?"

मी सांगितलं, तिथं हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत जुळून हेलियम होतो, त्यातनं उष्णता सुटते. पाहुणे सरबत हातात धरून ऐकत होते.

"आन् त्यो हायड्रोजन कुटनं आला?"

"विश्व सुरू झालं तेव्हाचा आहे तो. पण मुळात ते सुरूच का झालं, ते काय आम्हाला बीएस्सीला नव्हतं."

"मग एम्मेस्सीला आसंल," अण्णा म्हणाले. "जा की."